आहे की नाही

जानेवारीतलं धुकं इतकं, की किल्ला नाही,
किल्ल्याखालचा रस्ता नाही,
माझ्या हातातला चहाचा ग्लाससुद्धा
अर्धाच आहे.
जयेंद्रगंजच्या एक्स्चेंजमध्ये शिरतो,
मफलर खुंटीला, बूट दाराशी.
इथे मात्र आग्र्याकडून निघालेला उजेड
केसाएवढ्या काचेतून
धुक्याला न विचारता आलेला.

दमून येतो तो.
निघतानाच्या हजाराव्या हिश्शाइतकाही उरत नाही कधी.
वाटेत किती सांधे, किती वळणं.
मुरैन्याजवळ जेसीबीने तोडलेली केबल
मी आणि भदौरियाने चिखलात उकिडवं बसून जोडली होती,
तिथे अजून थोडा सांडतो.

शेवटी एक डायोड. मोहरीहून बारीक.
उजेड त्यावर पडतो, आणि आत एक इलेक्ट्रॉन
कुणी हाक मारल्यासारखा उठतो.
बस, एवढंच. पुढचं सगळं हिशेबाचं काम:
ती बारीक धार मोठी करायची, घड्याळ जुळवायचं
आणि दर ठोक्याच्या बरोबर मधोमध विचारायचं,
उंबरठ्याच्या वर? एक.
खाली? शून्य.
सेकंदाला हजार कोटी वेळा.
भदौरिया म्हणतो, "अपने को क्या, एक ही बात पूछनी है,
है कि नहीं."

स्क्रीनवर सगळे ठोके एकावर एक ठेवले
की मधे फट दिसते, बदामाच्या आकाराची.
तिला डोळाच म्हणतात.
धंद्यातला शब्द आहे, मी केलेला नाही.
डोळा उघडा, तर लिंक बरी.
मिटायला लागला, तर रजा रद्द.

शरयूने बत्तीस वर्षं दाणाओळीत ब्लाउज शिवले.
दोरा ओवताना सुईकडे बघायचीसुद्धा नाही.
मागच्या दिवाळीत तिने सुई माझ्यापुढे धरली, "ओव रे."
मला वाटलं, लाडाने.

डॉक्टर कुलश्रेष्ठांनी तिच्यापुढे बॅटरी धरली.
"रोशनी है?"
"है."
बॅटरी विझवली.
"अब?"
ती थांबली. माझ्या बाजूला तोंड वळवलं,
पाढा अडला की मी तिच्याकडे बघायचो, तसं.
"है," म्हणाली.
डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि टोपण लावलं.

डायोडवर काळं बूच घट्ट बसवलं,
तरी त्यातून थोडा प्रवाह वाहतच असतो.
कुठूनही न आलेला. ऊब आहे म्हणून.
त्याच्यामुळे उंबरठा अगदी जमिनीलगत ठेवता येत नाही,
जरा वर घ्यावा लागतो. किती वर,
त्यातच माझी एकोणीस वर्षं गेली.
फार वर घेतला
तर खरोखरच आलेला, दमलेला उजेड
दारातून परत जातो.

काल रात्री वीज गेली. सगळी गल्ली काळी.
आम्ही दोघं जेवत होतो.
मी मोबाइल चाचपतोय, तोवर ती म्हणाली,
"तो कोपऱ्यातला दिवा मालव रे, डोळ्यावर येतोय."

आमच्याकडे याला चूक म्हणतात. मोजतात.
दुरुस्त करता यावी म्हणून
मुळातच थोडे जादा अंक धाडलेले असतात.

मी उठलो. भिंतीला हात लावत गेलो.
बटण वर केलं. खट्.
"मालवला?"
"मालवला."
"हां, आता बरं," म्हणाली,
आणि पोळीचा तुकडा बरोबर आमटीत बुडवला.

साडेदहाला वीज आली. गल्लीत पोरं ओरडली,
फ्रिज घुरघुरला, शेजारचा टीव्ही मधूनच बोलायला लागला.
आमचा तेवढा एक कोपरा
तसाच राहिला.